आधी शिकू दे, मग खुर्ची घेऊ?

पत्र :

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करत जाणारा आजार आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याचं चालणं पूर्ण थांबलं. घरात साधी व्हीलचेअर आहे, पण तिची चाकं फिरवायची ताकद आता त्याच्या हातांत राहिलेली नाही. डॉक्टरांनी बॅटरीवरची, जॉयस्टिकची खुर्ची घ्यायला सांगितलंय. आम्ही एका दुकानात बघायला गेलो. त्यानं जॉयस्टिकची दांडी पुढं केली आणि खुर्ची सरळ जाऊन काउंटरवर आदळली. लागलं नाही, पण तो इतका घाबरला की परत हात लावेना. ह्यांनी तिथंच सांगितलं, ‘आधी शिकू दे, मग घेऊ. एवढे पैसे घालून खुर्ची कोपऱ्यात पडायला नको.’ माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारा गॉगल आणतो, परदेशात त्यावरच शिकवतात, पाच-सहा महिन्यांत घरबसल्या तयार होईल. सासूबाईंना वाटतं, खुर्चीची सवय लागली की उरलीसुरली ताकदही जाईल. गॉगलनं खरंच शिकता येतं का? आणि तोवर खुर्ची थांबवावी का?

– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई तिथंच आहे. खुर्ची थांबवू नका. गॉगल येवो न येवो, भाच्याला सवड होवो न होवो, खुर्चीचं काम या आठवड्यापासून पुढं सरकू द्या.

डुशेनमध्ये वेळ आपल्या बाजूनं नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज त्याच्या बोटांत आणि मनगटात जेवढा जोर आहे तेवढा जॉयस्टिकला भरपूर पुरतो. पण पाच-सहा महिने थांबायचं म्हणजे काय, ते घरात बघा. तुम्ही ओट्यापाशी काय करताय हे डोकावून बघायचं असेल तर त्याला कुणाला तरी हाक मारावी लागते. दारात मित्र आले तर पुढं जाता येत नाही. आजीशी वाजलं तर उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला रागावून निघून जाता आलं पाहिजे, ताई. ते रोज थोडं थोडं अडतंय, आणि ते महिने नंतर भरून काढता येत नाहीत.

तुमच्या यजमानांची पैशाची काळजी खोटी नाही. ज्या घरात एक खुर्ची घ्यायला वर्षभराची बचत लागते, तिथं ती पडून राहण्याची भीती वाटणारच. पण ‘आधी शिकू दे, मग घेऊ’ यातला क्रम उलटा आहे. त्यांना विचारा, ते सायकल कशी शिकले? बहुधा मोठ्यांच्या सायकलीच्या मधल्या दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत. सायकल घरात होती, हाताला येत होती, म्हणून शिकले. खुर्चीचंही तेच आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत चार्लिन बटलर यांनी दोन-तीन वर्षांच्या, चालता न येणाऱ्या मुलांना बॅटरीच्या खुर्च्या दिल्या. खुर्ची त्यांच्या रोजच्या खेळात ठेवली, आणि बहुतेक मुलं तीन आठवड्यांच्या आत चालवायला शिकली.  तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, शाळेत जातो, विचार करतो. त्याला जमणार नाही असं मानायला मला काहीही कारण दिसत नाही. एका धडकेवरून तर मुळीच नाही.

ती धडक कशी झाली असेल हे तुमच्या चार ओळींवरून मला डोळ्यांसमोर दिसतं, कारण असं फार जणांचं होतं. या खुर्चीचा नियम सोपा आहे. दांडी जितकी ढकलाल तितका वेग, आणि दांडी सोडली की ती मधोमध येते, मोटार थांबते आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे थांबायला काहीच करावं लागत नाही, फक्त हात सोडायचा. पण घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. त्याची मूठ आवळते, अंग ताठ होतं, कोपर पुढं सरकतं आणि मुठीतली दांडीही पुढं जाते. थांबायच्या ऐवजी खुर्ची आणखी जोरात जाते. त्यात बाजूची चार माणसं एकदम ‘थांब, थांब’ ओरडतात. त्या ओरडण्यानं मूठ जास्तच घट्ट होते. म्हणून आम्ही शिकवणारे पहिल्या दिवसापासून ‘हात सोड’ एवढंच म्हणतो, तेही हळू आवाजात. आणि शिकवणी चालू असताना बोलायचं एकाच माणसानं.

आणखी एक. दुकानातल्या खुर्चीचं वेगाचं बटण कुठल्या आकड्यावर होतं, हे बसवण्याआधी कुणी पाहिलं होतं का? आधीच्या गिऱ्हाइकाला वेग दाखवायला ते वर नेलेलं असतं आणि तसंच राहतं. पहिल्यांदा बसणाऱ्याला मोकळ्या अंगणात, सगळ्यात कमी वेगावर, समोर दहा-बारा पावलं रिकामी जागा ठेवून बसवायचं असतं. काउंटर समोर असलेलं दुकान ही शिकायची जागाच नव्हे. हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. चूक त्याची नव्हती हे त्याला कळायला हवं, म्हणजे त्याचा हात पुन्हा दांडीवर येईल.

आता गॉगल. भाचा म्हणतो त्यात तथ्य आहे. जॉयस्टिकवर चालणाऱ्या खुर्चीची सुरुवात कॅनडात जॉर्ज क्लाइन या अभियंत्यानं दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी केली, आणि ती आभासी जगात शिकवण्याचं बरंच कामही कॅनडातच झालंय. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिलिप आर्शांबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास व्हीलचेअरचा सिम्युलेटर तयार केला. साधा संगणक, समोर पडदा, हाताशी जॉयस्टिक, आणि पडद्यावर दारं, अरुंद जागा, माणसांची वर्दळ. त्याही आधी, १९९०च्या दशकात, अमेरिकेतल्या ओरेगन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डीन इनमन यांनी अपंग मुलांना असं शिकवून पाहिलं होतं. म्हणजे ही कल्पना कालपरवाची नाही.

उपयोग होतो का? होतो, पण कशाचा होतो ते नीट बघावं लागतं. ब्रिटनमध्ये चेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारात मिळणारा गॉगल वापरून त्यांनी ३३ स्वयंसेवकांवर चाचणी घेतली आणि आभासी सरावानं खुर्ची चालवण्याचं कौशल्य सुधारतं असं त्यांना दिसलं. पण त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी भाच्याला वाचून दाखवा. ते तेहतीसही जण धडधाकट होते. आणि गॉगल घातल्यावर मळमळणं, गरगरणं ही मोठी अडचण असल्याचं संशोधकांनी स्वतःच नोंदवलंय. मॅकगिलच्या मंडळींनी खरी खुर्ची आणि पडद्यावरची खुर्ची यांची तुलना केली, तेव्हा दोन्हीकडचं चालवणं बरंच मिळतंजुळतं निघालं, मात्र अवघड जागी पडद्यावर जॉयस्टिकची जास्त धडपड करावी लागत होती. हे मला माझ्या कामातही दिसतं. पडद्यावर दार चुकणारी मुलं खऱ्या दारातून नीट जातात. म्हणून पडद्यावरच्या गुणांवरून ‘खुर्ची द्यायची की नाही’ हे कुणीही ठरवू नये. तुमच्या घरात नेमकी हीच भीती मला वाटते, की खेळात दहापैकी आठ दारं आली नाहीत म्हणून खुर्ची आणखी सहा महिने पुढं जाईल.

मग पडद्यावर काय शिकायचं? भीती घालवायला पडदा फार चांगला. माझ्याकडे सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं) असलेली एक मुलगी यायची. खऱ्या खुर्चीत बसवलं की तिचा हात दांडीवर दगडासारखा घट्ट व्हायचा. तिला पडद्यावर बसवलं आणि सांगितलं, मुद्दाम भिंतीवर जाऊन आपट. तिनं आपटलं. भिंत हलली नाही, कुणी ओरडलं नाही, ती खिदळली आणि पुन्हा आपटली. बराच वेळ तिनं दुसरं काही केलंच नाही. मग तिला म्हटलं, आता भिंतीच्या इतक्या जवळ जा की आपटणार असं वाटलं पाहिजे, आणि हात सोड. खुर्ची हात सोडल्यावरही थोडी पुढं जाते, मग कुठं सोडलं की कुठं थांबते हा अंदाज तिच्या हाताला तिथं आला. तोच हात नंतर खऱ्या खुर्चीत उपयोगी पडला. तुमच्या मुलालाही पहिल्यांदा हाच खेळ द्या. दुकानातला तो काउंटर त्यानं पडद्यावर पाहिजे तितक्या वेळा आपटून घ्यावा.

उलटं जाताना दांडी कुणीकडे नेली की खुर्चीचं तोंड कुणीकडे वळतं, हेही पडद्यावर चांगलं बसतं. वळणाआधी विचार करायची सवयही लागते.

जे शिकता येत नाही ते मात्र खूप आहे, आणि ते सगळं आपल्या घरांत असतं. पडद्यावरच्या फरशीला उंबरा नसतो. दारात काढलेल्या चपला, पायपुसणं, ओली मोरी, मधेच आडवं येणारं मांजर, अंगणातली वाळू आणि खडी यांतलं काही तिथं नसतं. उंबऱ्याचंच बघा. बहुतेक खुर्च्यांना मागं मोठी चाकं आणि पुढं छोटी, कुठंही वळणारी चाकं असतात. ही छोटी चाकं तिरकी असताना उंबऱ्याला टेकली की अडतात. मग मूल घाबरून दांडी आणखी ढकलतं, आणि खुर्ची एकदम उडी मारल्यासारखी आत येते. उंबऱ्यावर सरळ यायचं, छोटी चाकं आधी सरळ होऊ द्यायची, मग एकसारखा जोर द्यायचा. इथं अगदी कमी वेग ठेवूनही चालत नाही, कारण तेवढ्यानं चाक वर चढत नाही. एक आकडा वाढवावा लागतो. हे सगळं ढुंगणाला आणि पाठीला जाणवून कळतं. डोळ्यांवर गॉगल लावून कळत नाही.

तसंच पावलांचं. पावलं ठेवायची पायपट्टी खुर्चीच्या पुढं आलेली असते आणि खुर्ची मागच्या चाकांभोवती फिरते. दारात शिरताना मुलं फार लवकर वळतात आणि पावलं चौकटीवर घासतात. स्टेरॉइड चालू असलेल्या डुशेनच्या मुलांची हाडं ठिसूळ झालेली असतात. पायपट्टीवरून पाऊल खाली लोंबत असेल आणि ते चौकटीत अडकलं, तर घोट्याचं हाड मोडू शकतं. म्हणून कमरेचा पट्टा आणि पावलांचे पट्टे बांधल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही. पडद्यावर घासलेलं पाऊल दुखत नाही, म्हणून ही सवय पडदा कधीच लावणार नाही. ती तुम्हालाच लावावी लागेल.

आता तुमच्या मुलाला गॉगल द्यावा का, याबद्दल. माझं मत : नको. तीन कारणं आहेत आणि तिन्ही त्याच्या आजारातून आलेली आहेत.

पहिलं कारण मानेचं. डुशेनमध्ये मानेचे पुढचे स्नायू फार लवकर कमजोर होतात. आज रात्री त्याला उताणं झोपवा आणि उशीवरून डोकं उचलायला सांगा. बहुधा जमणार नाही. बाजारातला मेटा क्वेस्ट ३ हा गॉगल जवळपास ५१५ ग्रॅमचा आहे, आणि ते सगळं वजन चेहऱ्यावर, पुढं असतं. ज्या मानेला स्वतःचं डोकं पेलायला कष्ट पडतात तिच्यावर अर्धा किलो ठेवून इकडंतिकडं बघायला सांगणं मला पटत नाही.

दुसरं, गॉगल घातल्यावर स्वतःचा हात दिसत नाही. त्याचा हात दांडीवरून घसरला तर तो पुन्हा वर ठेवायला त्याला आधी तो बघावा लागतो. तिसरं, त्याला आत काय दिसतंय हे तुम्हाला दिसत नाही, मग शेजारी बसून तुम्ही ‘हात सोड’ म्हणणार कधी? पडदा सगळ्यांना दिसतो. धाकटी भावंडं असतील तर तीही बसतील, आजीही बसेल. मळमळीचा त्रासही साध्या पडद्यावर कमी होतो, कारण आजूबाजूची खोली स्थिर दिसत असते.

हे पत्र वाचणाऱ्या इतर पालकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. मुलाला कधीही फिट आली असेल, आणि सेरेब्रल पाल्सीच्या पुष्कळ मुलांना येतात, तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय गॉगल लावू नका. लखलखत्या प्रकाशानं फिट येऊ शकते, असा इशारा गॉगल बनवणाऱ्या कंपन्याच देतात.

म्हणून घरातला टीव्ही किंवा लॅपटॉप घ्या आणि संगणकाला जोडायची साधी जॉयस्टिक आणा. पण ती टेबलावर ठेवू नका. आत्ताच्या व्हीलचेअरच्या हातावर, खऱ्या खुर्चीत जिथं येणार त्याच उंचीवर, ती घट्ट बसवा. कोपर टेकलेलं पाहिजे. खेळाच्या जॉयस्टिकची स्प्रिंग बऱ्याचदा कडक असते. त्याचा हात लवकर दमत असेल तर हलकी स्प्रिंग असलेली बघा, नाहीतर जॉयस्टिक अवघड आहे म्हणून तो खुर्चीच अवघड आहे असं समजून बसेल. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत. जांभया सुरू झाल्या, चेहरा पांढरा पडला, घाम आला, की लगेच बंद करा. उद्या पुन्हा. हा सराव खुर्ची घरी येईपर्यंतच्या मधल्या दिवसांसाठी आहे. खुर्ची आली की रोजचा वेळ खुर्चीचा, आणि पडदा फक्त अडलेल्या गोष्टीपुरता.

भाच्याला गॉगलच्या पैशांऐवजी एक काम सांगा, त्याला आवडेल. टेप घेऊन घरी येऊन त्यानं सगळ्या दारांची रुंदी मोजावी, चौकट सोडून, आतली मोकळी. उंबऱ्यांची उंची, पलंग आणि कपाट यांच्यामधली जागा, संडास-बाथरूमकडे जाणारं वळण, दारापुढची पायरी. मग तुमचं घर, अगदी तुमचंच, त्यानं संगणकावर उभं करावं. गेम बनवायची सॉफ्टवेअरं शिकणाऱ्याला फुकट मिळतात, युनिटी त्यातलंच एक. खुर्ची मागच्या चाकांभोवती वळते आणि पायपट्टी पुढं असते, एवढं मात्र त्यानं नीट घालावं. मग तुमचा मुलगा स्वतःच्याच घरात फिरायला शिकेल, परदेशी सिम्युलेटरमधल्या अनोळखी जागेत नाही.

याचा दुसरा फायदा तुमच्या यजमानांना पटेल. घेणार त्या खुर्चीची लांबी-रुंदी त्या घरात घातली की ती बाथरूमच्या दारातून जाते की नाही हे पैसे भरण्याआधीच कळेल. आपल्या सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर आणि रॅम्पचा उतार १:१२ सांगितलाय. म्हणजे तुमची पायरी सहा इंच उंच असेल तर रॅम्प सहा फूट लांब लागेल. आपल्याकडच्या जुन्या घरांत आतली दारं त्याहून अरुंद असतात. खुर्ची कोपऱ्यात पडून राहते ती बहुतेक वेळा याच कारणानं, मूल शिकलं नाही म्हणून नव्हे. तिला दारातून बाहेर पडता येत नाही.

खुर्ची आल्यावर पहिले दिवस कसे काढायचे तेही सांगते. अंगणात किंवा शाळेच्या रिकाम्या मैदानावर जा. वेग सगळ्यात कमी. पहिल्या दिवशी फक्त चालू करणं, पुढं जाणं आणि हात सोडून थांबणं. तेवढंच, कंटाळा येईपर्यंत. मग रिकाम्या बादल्या ठेवून त्यांच्यामधून जाणं, मग उलटं जाणं, मग घरातलं सगळ्यात रुंद दार, आणि उंबरा सगळ्यात शेवटी. तुम्ही बाजूला चाला, समोर नको, आणि पायात चप्पल नको, बूट घाला. ही खुर्ची माणसासकट शंभर किलोच्या पुढं सहज जाते आणि पहिल्या आठवड्यात ती तुमच्या पायावरून जाणार आहे असंच धरून चाला. मोटारीजवळ एक खटका असतो, तो सरकवला की खुर्ची हातानं ढकलता येते, पण तेव्हा ब्रेक लागत नाहीत. रॅम्पवर किंवा उतारावर तो कधीही सरकवू नका. घरातल्या प्रत्येकाला हा खटका दाखवून ठेवा, पाहुण्यांच्या मुलांनाही.

पुढं काय शिकवायचं हे ठरवायला कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात डॉ. ली कर्बी यांच्या पुढाकारानं तयार झालेला ‘व्हीलचेअर स्किल्स प्रोग्राम’ आहे. त्याची पुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळते, बॅटरीच्या खुर्चीची कौशल्यं त्यात आहेत, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसानं काय करायचं तेही आहे. इंग्रजी आहे, भाचा वाचून सांगेल.

सासूबाईंना उडवून लावू नका. त्यांनी नातवाला चालताना पाहिलंय आणि तो एकेक गोष्ट सोडतोय हेही पाहिलंय. खुर्ची ही त्यांना हार वाटते. पण त्यांना हे समजावून सांगा की डुशेनमध्ये ताकद जाते ती आजारानं. आरामात बसून फिरल्यानं ती जात नाही. साध्या खुर्चीची चाकं ओढून ओढून थकलेल्या स्नायूंना उलट त्रासच होतो. व्यायाम, स्नायू ताणायचे प्रकार, पाण्यातला व्यायाम जे काही फिजिओथेरपिस्टनं सांगितलंय ते चालूच राहील. आणि दिवसभराची ताकद खोलीतून खोलीत जाण्यात संपली नाही तर ती लिहायला, जेवायला, चित्र काढायला उरेल. आजीला जो नातू अंगणात आलेला हवाय, तो आता या खुर्चीतूनच येणार आहे.

घेताना काही गोष्टी दुकानदाराकडून बोलून, शक्यतो लिहून घ्या. वेगाबरोबर वळण्याचा वेग आणि सुरुवातीचा झटका कमी करता येतो का? स्वस्त खुर्च्यांत बहुधा फक्त वेगाचे टप्पे बदलता येतात, आणि नवशिक्याला त्रास देतं ते सरळ जाणं नव्हे, गर्रकन वळणं. पुढं हातातला जोर कमी झाला तर याच खुर्चीला छोटी, हलक्या स्पर्शाची जॉयस्टिक बसवता येते का? काही वर्षांनी हा प्रश्न येणारच आहे, तेव्हा नवी खुर्ची घ्यावी लागू नये. पाठीला आणि बाजूला आधार लावता येतो का? जॉयस्टिककडे झुकून झुकून बसलं तर पाठीचा कणा वाकायला आणखी निमित्त मिळतं. या तीन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या, असं माझं मत आहे.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून मोटारीची साधनं मिळतात, पण त्याला दिव्यांगत्वाची, वयाची आणि उत्पन्नाची अट असते. तुमच्या मुलाला सध्या काय लागू होतं ते जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण विभागात विचारून घ्या. खुर्ची निवडायच्या आधी एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला (बसणं आणि रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवणं फार गरजेचं आहे, कारण बसणं नीट नसेल तर चालवणं नीट होत नाही. मुंबईला हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, किंवा केईएम, सायन, नायर या रुग्णालयांतले ऑक्युपेशनल थेरपी विभाग, यांपैकी कुठंही गेलात तरी चालेल. घराची मापं लिहिलेला कागद सोबत न्या.

दुकानात परत जाताना आधी फोन करून मोकळ्या जागेत, कमी वेगावर बसवून दाखवा असं ठरवून घ्या. शक्य असेल तर खुर्ची दोन दिवस घरी मागा. आणि जॉयस्टिक उजव्या हाताला हवी की डाव्या, हे मुलालाच विचारा. तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, त्याचं तेवढं नाही. तो उजव्या हातानं लिहितो म्हणून जॉयस्टिक उजवीकडेच असं नसतं. काही मुलं मुद्दाम डावीकडे मागतात, म्हणजे उजवा हात जेवायला, लिहायला, मोबाइलला मोकळा राहतो. दोन्ही बाजूंनी बसवून बघा, दोन्ही हातांनी अंगणात एकेक फेरी मारू द्या, आणि तो सांगेल ती बाजू ऑर्डरमध्ये लिहा.